‘आई’ खात्यावरचा खर्च

सौदामिनीबाईंनी लातूरच्या एका सरकारी कचेरीत, लेखा शाखेत, चौतीस वर्षं काढली. त्या चौतीस वर्षांत एका खात्यावरचा रुपया त्यांनी दुसऱ्या खात्यावर जाऊ दिला नाही. हे त्या स्वतः कुणाला सांगत नसत. पण दुसऱ्या कुणी सांगायला घेतलं तर त्याला थांबवतही नसत. साहेब आले, साहेब बदलून गेले, कुणी दरडावलं, कुणी गोड बोलून पाहिलं. बाईंचं उत्तर ठरलेलं असे, "हे हेड त्याचं नाही साहेब."

नवरा, मार्तंडराव, लेक नऊ वर्षांची असताना गेले. तेव्हापासून बाईंनी घरही कचेरीसारखंच चालवलं. एक तारखेला पाकिटं भरायची. दूध, किराणा, लाइटबिल, इराची फी, आणि एक पाकीट अडीअडचणीचं. गंजगोलाईच्या बाजारातून जाताना इरानं रसवंतीकडे पाहिलं की बाई म्हणत, "घरी लिंबू आहे." इरानं कधी हट्ट केला नाही. पोर शहाणी आहे, असं त्यांना वाटे आणि त्याचा अभिमानही वाटे.

इरा शिकली, नांदेडला एका खाजगी कॉलेजात लागली आणि तिथंच तिनं रामलिंगशी लग्न ठरवलं. मुलगा इंजिनियर, उमरीच्या शेतकरी घरातला. बाईंनी महिनाभर अबोला धरला आणि मग नीट, यादी करून, लग्न लावून दिलं. पुढं नात झाली, तनुजा. ती नेमकी मार्चच्या पंचवीस तारखेला. मार्चएंड! लेखा शाखेतल्या बाईला त्या आठवड्यात रजा मागणंसुद्धा पाप. त्या पंधरा एप्रिलला नांदेडला पोचल्या तेव्हा रामलिंगची आई, चांगुणाबाई, उमरीहून येऊन बसलेली होती. पायांवर घेऊन बाळाला न्हाऊ घालत होती. सव्वा महिन्यासाठी आलेली ती बाई तीन वर्षं झाली तरी तिथंच होती. तिचा नवरा शेषेराव आणि थोरला मुलगा उमरीला शेत बघत, ही नांदेडला नात बघे.

बाई निवृत्त झाल्या, तेव्हा नांदेडच्या त्या दोन खोल्यांत एका आजीपुरतीच जागा होती आणि ती भरलेली होती. तनुजा चांगुणाबाईला ‘आज्जी’ म्हणे आणि सौदामिनीबाईंना ‘लातूरची आज्जी’. बाईंच्या जिव्हारी लागे ते हे ‘लातूरची’.

गेल्या वर्षी एप्रिलात इरा आणि रामलिंगनं फ्लॅट घ्यायचं मनात आणलं आणि तेव्हा मात्र इरानं आईलाच बोलावलं. "मम्मी, तूच बजेट करून दे. आमच्या हातात पैसा राहत नाही." बाई दोन दिवस राहिल्या. लांब वही घेतली, खाती पाडली. भाडं, किराणा, पेट्रोल, औषधपाणी, समारंभ, प्रवास. एका खात्याला ‘आई’ असं नाव दिलं, कारण इरा सासूला आई म्हणे. आईंची बीपीची गोळी, लुगडं, किरकोळ असं धरून वर्षाला बारा हजार. वर्षाचा एकूण खर्च पाच लाख चाळीस हजार.

"आणि तुझ्यासाठी किती धरायचे, मम्मी?" इरानं विचारलं होतं.

"मला काय करायचंय? मला पेन्शन आहे. माझं खातं पाडू नको."

वर्ष गेलं. यंदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ताळा बघायला बाई पुन्हा आल्या. लातूरहून अहमदपूर, लोह्यामार्गे एसटीनं, मांडीवर ती लांब वही घेऊन. इरानं वर्षभर फोनमध्ये एकेक खर्च लिहिला होता. त्याचे कागद काढून तिनं आईसमोर ठेवले आणि शनिवारी सकाळी ती कॉलेजात गेली. रामलिंग साइटवर गेला. चांगुणाबाई तनुजाला घेऊन शेजारी पापड लाटायला गेली. घरात बाई आणि कागद.

पहिल्या तासाभरात एकूण आकडा आला. सहा लाख एकतीस हजार चारशे. म्हणजे ठरल्यापेक्षा एक्क्याण्णव हजार चारशे जास्त. बाईंनी चष्मा पुसला. आता खात्याखात्यानं बघायचं, कुठं गळतंय ते. किराणा थोडा वर, पेट्रोल वर, तनुजाच्या तापाचे दवाखान्यात गेलेले. हे समजण्यासारखं होतं.

मग त्या ‘आई’ खात्यावर आल्या.

बारा हजारांच्या जागी सेहेचाळीस हजार आठशे सत्तर.

पहिल्यांदा त्यांना फक्त नवल वाटलं. मग त्या एकेक नोंद वाचायला लागल्या. आईंचा मोबाइल, अकरा हजार चारशे नव्व्याण्णव. आईंचा चष्मा. आईंच्या पाटल्या मोडून नव्या केल्या, त्याची मजुरी. इथवर ठीक होतं. मोठे आकडे बाईंना कधी दुखत नसत. मोठ्या आकड्यांना कारणं असतात. दुखलं ते बारक्या नोंदींनी. ‘आईंना सिनेमा, दोघीच, पाचशे ऐंशी.’ ‘आईंना गजरा, वीस.’ ‘आईंबरोबर भेळ, वजिराबाद, ऐंशी.’ आणि दर शनिवारी, अगदी न चुकता: ‘रस, मी आणि आई, साठ.’ ‘रस, मी आणि आई, साठ.’ पावसाळ्यात रस बंद झाला तर त्याच्या जागी ‘कणीस, मी आणि आई, चाळीस.’

बाईंनी पेन खाली ठेवलं. ही इरा कोण, जिला दर शनिवारी रस प्यावासा वाटतो? बावीस वर्षं आपल्या घरात राहिलेल्या पोरीनं एकदाही ‘रस पाजव’ म्हटलं नाही, आणि उमरीच्या, अंगठा उठवणाऱ्या बाईबरोबर ती रसवंतीच्या बाकड्यावर बसते. दोघी काय बोलत असतील? हसत असतील. इराला हसू आलं की ती तोंडावर हात ठेवते, ही सवय त्या बाईला ठाऊक झाली असेल. आपण रात्र रात्र जागून हिची फी जमवली, आणि हिचे शनिवार कुणी नेले? दोन पेले रस पिऊन एका बाईनं नेले.

कागद उलटला तेव्हा बाईंना आणखी एक नोंद दिसली. त्यांनी पाडू दिलं नव्हतं ते खातं इरानं फोनमध्ये आपणच पाडलं होतं: ‘मम्मी’. त्यात दोनच ओळी. ‘मम्मीला शाल, दोन हजार तीनशे पन्नास.’ ती शाल त्यांनी घडीसुद्धा न मोडता कपाटात ठेवली होती. दुसरी ओळ: ‘मम्मीचा साठावा वाढदिवस, म्हैसूर-उटी, मी आणि मम्मी, रद्द. गेले एकतीस हजार तीनशे.’

बाईंना डिसेंबरातला फोन आठवला. इरा किती उत्साहात होती! "मम्मी, फक्त आपण दोघी. विमानाची तिकिटं काढलीत, हॉटेल सांगितलंय." आणि आपण म्हणालो होतो, "मला न विचारता? कशाला हा डामडौल? आधी रद्द कर." इरा नुसतं "बरं" म्हणाली होती. रद्द केल्यावर किती पैसे बुडाले हे तिनं सांगितलं नाही, आणि हिशेबात जन्म गेलेल्या आपण ते विचारलंही नाही.

म्हणजे ताळा असा होता: एक्क्याण्णव हजारांच्या जादा खर्चात चांगुणाबाईच्या नावे साधारण पस्तीस हजार, आणि सौदामिनीबाईंच्या नावे जवळजवळ चौतीस. चांगुणाबाईच्या पैशांतून वर्षभराचे शनिवार निघाले होते. यांच्या पैशांतून काहीच निघालं नव्हतं.

हे असं, उद्या सगळ्यांसमोर, त्या बाईसमोर वाचायचं?

बाईंनी पेन उचललं आणि चौतीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. एकतीस हजार तीनशेची ओळ ‘मम्मी’वरून काढून ‘प्रवास’मध्ये टाकली. तिथं ती कुणाच्या नावाची राहिली नाही. उमरीला जायचं-यायचं पेट्रोल नऊ हजार सहाशे होतं, ते पेट्रोलमधून काढून ‘आई’वर घातलं. तनुजाच्या वाढदिवसाचं जेवण आठ हजार चारशे. जेवायला उमरीचीच माणसं आली होती की! तेही ‘आई’वर. बेरीज चोख होती, एकूण आकडा तोच होता. फक्त ‘आई’ खातं आता चौसष्ट हजार आठशे सत्तर झालं होतं.

अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं होतं.

रविवारी जेवणं झाल्यावर सगळे बसले. चांगुणाबाई दाराशी शेंगा फोडत होती, मांडीशी तनुजा. बाईंनी एकेक खातं वाचलं आणि शेवटी, आवाज न चढवता, म्हणाल्या, "जास्तीच्या खर्चातला निम्म्याहून अधिक एकाच खात्यावर आहे. ‘आई’. धरले होते बारा हजार, गेले चौसष्ट हजार आठशे सत्तर. मी कुणाला बोल लावत नाही. आकडा सांगते."

शेंगा फोडायचा आवाज थांबला.

"चौसष्ट हजार?" चांगुणाबाई म्हणाली. "माझ्या येकटीवर?"

"लिहिलेलं आहे विहीणबाई, त्यात माझं काही नाही."

"आई, तसं नसतं ते," रामलिंग म्हणाला. पण म्हणताना त्यानं कागदाकडे पाहिलं, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. फ्लॅटचा पहिला हप्ता त्याच्या डोळ्यांपुढं असणार. ती आठी चांगुणाबाईनं पाहिली आणि सौदामिनीबाईंनीही पाहिली. खरं सांगायचं तर, त्या क्षणी बाईंच्या आत काहीतरी गार झालं, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं.

इरा कागद हातात घेऊन बघत होती. मग तिनं तो घडी घालून वहीत ठेवला.

सोमवारी सकाळी चांगुणाबाईनं पिशवी भरली. "हळद शिजवायचं काम निघालंय रानात. माणूस कमी हाय. म्या जाते आठ-पंधरा दिस." रामलिंग म्हणाला, थोरला बघून घेईल की. ती म्हणाली, "न्हाई रे, त्याच्यानं व्हत न्हाई एवढं. आन् आता इहीनबाई हायत न्हवं पोरीपाशी." तिनं नवा मोबाइल देवापुढं ठेवला आणि जुना, बटणांचा, पिशवीत टाकला. इरा दारापर्यंत गेली. सासूनं तिच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं कडाकडा मोडली आणि रामलिंगच्या गाडीवर बसून स्टेशनला निघून गेली.

अशा रीतीनं सौदामिनीबाईंना जे हवं होतं ते मिळालं. नांदेडची आजी आता त्या होत्या.

पहिला दिवस तनुजानं रडून काढला. दुसऱ्या दिवशी ती रडली नाही, पण दर तासानं दारात जाऊन उभी राहू लागली. बाईंनी तिला गोष्ट सांगितली, ती म्हणाली, "अशी न्हाई. आज्जीची गोष्ट." बाईंनी वरण-भात भरवला; तिला त्यात शेंगदाण्याची चटणी हवी होती, आज्जी करते तशी. "आणि लातूरची आज्जी करते तशी नको का?" बाईंनी हसत विचारलं. पोरगी त्यांच्याकडे बघत राहिली. लातूरची आज्जी काय करते, हे तिला ठाऊकच नव्हतं.

इरा वेळेवर येई, वेळेवर जाई, "हो मम्मी," "बरं मम्मी" म्हणे. घर अगदी शिस्तीत चाललं होतं. संध्याकाळी रामलिंग उमरीला फोन लावी आणि बाहेर गॅलरीत जाऊन बोले.

शनिवार आला. बाई सकाळपासून अस्वस्थ होत्या. दुपारी इरा कॉलेजातून आली तशी त्या म्हणाल्या, "चल, रस पिऊन येऊ. तनूलाही घेऊ."

इरानं पर्स खुंटीला अडकवली. "कशाला मम्मी? बजेटमध्ये नाही."

तिनं ते टोचून म्हटलं नव्हतं. म्हणून तर ते जास्त टोचलं. तरी बाई हट्टानं तिला घेऊन गेल्या. रस्त्याच्या कडेला रसवंती होती, घुंगरू वाजत होतं. तिघी बाकड्यावर बसल्या. इरानं पेला उचलला, एका दमात संपवला आणि खाली ठेवला. हसली नाही. बाईंनी साठ रुपये दिले. साठ रुपयांत दोन पेलेच मिळतात, पैसे दिले म्हणून दुसरं काही मिळत नाही, हे इतक्या वर्षांच्या हिशेबानं त्यांना शिकवलं नव्हतं.

तनुजा बाईंच्या पेल्यात बोट घालून खेळत होती. बाई म्हणाल्या, "इरा, मला तुला एक सांगायचंय. त्या कागदातलं."

"माहीत आहे," इरा म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"उटीचे पैसे प्रवासात टाकलेस ते. उमरीचं पेट्रोल आणि तनूच्या वाढदिवसाचं जेवण आईंवर घातलंस ते. मम्मी, त्या नोंदी मी लिहिल्यात. त्याच दिवशी दिसलं मला. कागद हातात घेतल्या घेतल्या."

बाईंना रसवंतीचं घुंगरू एकदम मोठ्यानं ऐकू यायला लागलं. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? रामसमोर, आईंसमोर म्हणू की माझ्या मम्मीनं खोटा हिशेब केला? तुझ्याकडे दुसरं आहे काय मम्मी, त्या नावाशिवाय? मी तुझी लाज राखली." इराचा आवाज आता फाटला. "आणि आईंची जाऊ दिली. त्या पिशवी भरत होत्या तेव्हा मी बाजूला उभी होते. मला तोंड उघडता आलं असतं. मी नाही उघडलं. आठवडा होत आला, मला त्यांना फोन लावायचं धाडस होईना."

तेव्हा बाईंना कळलं. इतकी वर्षं ज्याची आस लागली होती ते त्यांना रविवारीच मिळालं होतं. दोघींत निवडायची वेळ आली तेव्हा लेकीनं त्यांनाच निवडलं होतं. आणि त्या निवडीचं तोंड असं होतं: रडवेलं, लाजेनं खाली गेलेलं.

"मला ते साठ रुपये बघवले नाहीत गं," बाई म्हणाल्या. "बाकी काही नाही. दर शनिवारचे साठ."

इरानं डोळे पुसले. "तू कधी आलीस का मम्मी? मी दर वेळी म्हणते, ये, राहा. तू म्हणतेस, लाइटबिल भरायचंय, नळाच्या पाण्याचा नंबर आहे. आई काही मोठं करत नाहीत. त्या फक्त चल म्हटलं की चपला घालतात."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सौदामिनीबाई एकट्या उमरीला गेल्या. इरा येते म्हणाली, त्यांनी येऊ दिलं नाही. रामलिंगला म्हणाल्या, "तुमच्या घरी जाऊन येते. आल्यावर सांगते." मुदखेड गेलं, दोन्ही बाजूंना भाजलेली रानं गेली. बाई मनात वाक्यं जुळवत होत्या. कचेरीत त्या चुकीचा खुलासा लोकांकडून लिहून घेत असत. स्वतः द्यायची वेळ कधी आली नव्हती.

स्टेशनपासून ऑटोनं शेतापर्यंत गेल्या. लांबूनच ओल्या मातीसारखा, उग्र वास आला. शिजवलेली हळद खळ्यावर पसरली होती. चांगुणाबाई डोक्याला पदर गुंडाळून हळकुंडं हलवत होती. विहिणीला बघून ती चपापली.

"पोरगी बरी हाय न्हवं?"

"बरी आहे. सगळे बरे आहेत. मी तुमच्याकडे आले."

शेषेरावांनी पाणी आणून दिलं आणि माणूस शहाणा, बैल बघायला जातो म्हणून निघून गेले. बाई बाजेवर टेकल्या. जुळवलेली वाक्यं एकही आठवेना.

"मी हिशेब खोटा केला होता," त्या म्हणाल्या. "चौसष्ट हजार तुमच्यावर गेलेच नव्हते. मी इकडचे तिकडे केले. माझ्यामुळं एकतीस हजार बुडाले होते, ते झाकले."

चांगुणाबाईनं हातातलं फावडं खाली टाकलं.

"मला वाचाया येत न्हाई म्हणून?"

"नाही. तुम्हाला वाचता येत असतं तरी केलं असतं. मी जळत होते तुमच्यावर."

"म्या रातभर डोळं मिटलं न्हाई!" चांगुणाबाईचा आवाज खळ्यापार गेला. "येवढं काय खाल्लं म्या पोराचं, इचार करून राहिले. येक येक आठवून राहिले. गोळ्या बंद केल्या म्या, म्हणलं तेवढंच वाचंल. माझ्या लेकानं माझ्याकडं असं बघितलं. जन्मात कधी बघितलं नव्हतं. ते तुम्ही बघाया लावलं!"

"गोळ्या बंद केल्या?" बाई घाबरून उठल्या.

"हाव! आन् त्याचं बी तुमच्याच खात्यावर मांडा!"

बाई "चुकलं" म्हणाल्या. मग परत "चुकलं" म्हणाल्या. चांगुणाबाई पाठ फिरवून हळद हलवायला लागली. ऊन चढत होतं. बाई बाजेवरून उठल्या, चपला काढल्या, आणि दुसऱ्या टोकाला बसून हातानं हळकुंडं पसरू लागल्या. अर्ध्या तासात बोटं पिवळीधमक झाली, कंबर मोडायला आली.

शेवटी चांगुणाबाईच म्हणाली, तिकडं तोंड करून, "तुम्ही जळता व्हय माझ्यावर? अन् म्या काय करते, ठावं हाय? तुमची लेक वांगं चिरताना म्हणती, मम्मी असं चिरती. चादर घालताना म्हणती, मम्मी असं कोपरं दुमडती. परीक्षेचं पेपर आलं की मम्मी, पोरगीला ताप आला की मम्मी. म्या सहा महिने घरात वांगंच आणू दिलं न्हाई."

बाईंच्या हातातलं हळकुंड तसंच राहिलं. त्यांना हसू आलं, पण हसायचा हक्क आपल्याला आज नाही हे ओळखून त्यांनी मान खाली घातली.

"हसा," चांगुणाबाई म्हणाली. "पर येक सांगते. मला सांगून भागत न्हाई. माझ्या लेकाला सांगा. तुमच्या तोंडानं. आत्ता, माझ्यासमोर."

हे बाईंना सगळ्यांत जड होतं. जावयासमोर! तरी त्यांनी पिवळ्या बोटांनी फोन लावला, आवाज बाहेर येईल असा ठेवला आणि रामलिंगला सगळं सांगितलं. एकतीस हजार, नऊ हजार सहाशे, आठ हजार चारशे. आकडे सांगताना आवाज स्थिर राहिला. "मी हे मत्सरानं केलं" म्हणताना राहिला नाही.

"बरं झालं सांगितलंत," रामलिंग म्हणाला. मग, "आईला फोन द्या." चांगुणाबाईनं फोन घेतला. तो काय बोलला ते ऐकू आलं, पण बाईंनी मुद्दाम बाजेकडे जाऊन चपला शोधल्या. काही गोष्टी ऐकू आल्या तरी ऐकायच्या नसतात.

दुपारी चांगुणाबाईनं त्यांना भाकरी वाढली. वाढली, पण "घ्या आणखी" म्हणाली नाही. निघताना बाईंनी गोळ्यांचं पाकीट तिच्या हातात दिलं. जेवण झाल्यावर त्या उन्हात उमरीच्या चौकापर्यंत गेल्या होत्या आणि इराला फोनवर गोळीचं नाव विचारून ते घेऊन आल्या होत्या. चांगुणाबाईनं पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि तिथंच, त्यांच्यासमोर, एक गोळी पाण्याबरोबर घेतली. "हळद निघाली की येते म्या," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं म्हणून न्हाई. नात हाय माझी."

"माझीही आहे," बाई म्हणाल्या. तोंडातून निघूनच गेलं.

"हाव. मंग येत जा."

चांगुणाबाई बारा दिवसांनी नांदेडला आली. सौदामिनीबाई त्याच दिवशी लातूरला परतल्या. लगेच सगळं गोड झालं असं नाही. दीड-दोन महिने चांगुणाबाई इराकडून गजऱ्याचे वीस रुपयेसुद्धा घेईना. रामलिंग सासूशी आदरानं बोले, पण पूर्वी ‘मम्मी, जरा हे बघा’ म्हणून कागद पुढं करी, ते त्यानं बंद केलं. मे महिन्यात इरानं फोनवर, चाचरत, सांगितलं, "मम्मी, यंदाचं बजेट रामच करणार म्हणतोय."

"करू दे," बाई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मात्र त्या खुर्चीत बसून राहिल्या. आयुष्यात एकच गोष्ट आपल्याला नीट येत होती, आणि ती करायचा विश्वास आपणच घालवला. शिक्षा योग्य होती; कुणी कमी करून दिली असती तर त्यांनीच हरकत घेतली असती.

जूनमध्ये एका संध्याकाळी चांगुणाबाईचा फोन आला. नव्या मोबाइलवरून, चेहरा दिसणारा. मागं इरा आणि तनुजा दिसत होत्या, चौथ्या की पाचव्या मजल्यावरच्या कुठल्याशा रिकाम्या फ्लॅटमध्ये. बघायला गेले होते सगळे. तनुजा भिंतीला टेकून "आज्जी, आज्जी" करत चांगुणाबाईचा पदर ओढत होती. बाईंना पुन्हा तोच जुना हेवा वाटला. वाटणारच. साठ वर्षांची सवय का एका उन्हाळ्यात जाते?

"पोरगी इचारती, लातूरची आज्जी कवा येती," चांगुणाबाई म्हणाली. डोळ्यांत जरा खोडसाळपणा होता. "म्या म्हणलं, तिला लई कामं असतात बाई. तूच इचार."

तनुजानं पडद्याला नाक लावलं. "कवा येतेस?"

लाइटबिल भरायचं होतं. पाण्याचा नंबर परवा होता. बाईंच्या ओठांवर दोन्ही कारणं अगदी तयार होती.

"उद्याची पहिली एसटी किती वाजता आहे, बघून सांगते," त्या म्हणाल्या आणि फोन चालू ठेवूनच कपाटातली पिशवी काढायला उठल्या.